नबाब मातबरखान आणि आमचे मातब्बर

आमच्या गावचा एक शेतकरी गेल्या महिन्यात शाळेत आला. हातात सातबारा होता. म्हणाला, "गुरुजी, पंधरा गुंठे काढायचे आहेत, कागद जरा पाहून द्या." कशासाठी, म्हणून विचारले. तर मुलीचे लग्न जमत आले आहे. मुलगी दवाखान्यात परिचारिकेचे काम करते, महिन्याचा पगार घरी आणते. पण मुलाकडच्यांचे म्हणणे असे की, "आमचे घराणे सरनाईकांचे, तालुक्यात मातब्बर. आमच्या नावाला शोभेल असे झाले पाहिजे." नावाला शोभेल असे म्हणजे कल्याणचा मोठा हॉल, दहा तोळे सोने आणि मुलाला मोटारसायकल. मुलगाही शेतकऱ्याचाच, जातही तीच, भातही तोच खातो. फरक एवढाच की, त्यांच्या नावापुढे एक जुना किताब आहे आणि ह्याच्या नावापुढे नाही. एका शब्दापायी पंधरा गुंठे निघाले होते!

आम्ही त्यास बसवले आणि विचारले, "मातब्बर म्हणजे काय रे दादा?" तो म्हणाला, "पैसेवाला, आणखी काय?" आम्ही म्हटले, मग ऐक. हीच गोष्ट आज वाचकांसही सांगावी असे वाटते, म्हणून हा लेख.

कल्याणला काळ्या तलावाच्या, म्हणजे जुन्या शेनाळे तलावाच्या बाजूस एक जुनी कबर आहे. नबाब मातबरखानाची कबर असे तिला म्हणतात. हा सरदार १७ व्या शतकाच्या अखेरीस औरंगजेबाच्या तर्फे कल्याण आणि माहुलीकडचा मुलूख सांभाळीत होता, आणि वसईच्या पोर्तुगीजांशीही त्याने दोन हात केले होते. आता ह्या नावाकडे नीट पाहा. नबाब, मातबर, खान. तीन शब्द आहेत, पण त्यांत आईबापांनी पाळण्यात ठेवलेले नाव एकही नाही! तिन्ही शब्द वरून दिलेले. माणूस मेला, त्याचे नाव गेले, आणि किताब मात्र कबरीवर बसून राहिला.

आधी नबाब. हा शब्द अरबी 'नवाब', आणि तो मूळ 'नायब' ह्या शब्दाचे अनेकवचन आहे. नायब कोण, हे आमच्या शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. कल्याणच्या कचेरीत नायब तहसीलदार बसतो, त्याच्या दारात आपण दाखल्यासाठी उभे राहतो, तोच हा नायब. दुसऱ्याच्या जागी, दुसऱ्याच्या हुकुमाने काम पाहणारा. मोठ्या माणसास एकवचनी हाक मारू नये, म्हणून आपण जसे एकट्या साहेबासही "साहेब आले" म्हणतो, तसे एका नायबास आदराने 'नायब मंडळी' म्हणू लागले, आणि त्याचा नबाब झाला. म्हणजे नबाब म्हणजे धनी नव्हे. धन्याचा बदली कामगार. मोगल बादशहा दिल्लीस किंवा आग्र्यास, आणि सुभ्यावर त्याच्या वतीने वसूल करणारा, फौज राखणारा तो नबाब. आज ह्यास बंगाल्यात ठेवले, उद्या काबुलास पाठवले. नोकरीच ती.

मग ह्या नोकराचा राजा कसा झाला? फार सोपे आहे. १७०७ साली औरंगजेब मेला. दिल्लीचा धनी दुबळा झाला, आणि दूरच्या नायबांनी वसूल पाठवणे हळूहळू बंद केले. बंगाल्यात मुर्शिदकुलीखान, अयोध्येस सादतखान, दक्षिणेत निजाम-उल्-मुल्क, सारे मुळात बादशहाचे सुभेदार. निजाम-उल्-मुल्क ह्या शब्दाचा अर्थ तरी काय? राज्याची व्यवस्था लावणारा! १७२४ साली तो दक्षिणेत स्वतंत्र बसला, आणि त्या व्यवस्थापकाच्या वंशजांचे राज्य मराठवाड्याच्या रयतेने १९४८ पर्यंत भोगले. कोकणात जंजिऱ्याचे सिद्दीही असेच. सिद्दी म्हणजे 'सय्यिदी', माझे धनी. ज्यांचे पूर्वज हबसाणातून, पुष्कळदा गुलाम म्हणून, ह्या किनाऱ्यावर आले, त्यांस हे नाव पडले. निजामशाहीचे चाकर, मग आदिलशाहीचे, मग मोगलांच्या आरमाराचे. पुढे नबाब झाले, आणि तेही संस्थान १९४८ सालीच मुंबई इलाख्यात विलीन झाले.

इथे आमचा एखादा वाचक मिशीवर ताव देऊन म्हणेल, "मुसलमानांचे तसेच असायचे!" थांबा, दादा. पेशवा हा शब्दही फारशीच आहे. पेशवा म्हणजे पुढे चालणारा, राजाचा कारभारी. शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास हे सारे फारशी हुद्दे बदलून संस्कृत नावे दिली. पेशव्यास मुख्य प्रधान, मुजुमदारास अमात्य, सुरनिसास सचिव, सरनोबतास सेनापती. राज्यव्यवहारकोश त्यासाठीच तयार झाला. आणि नावे बदलून महाराज थांबले नाहीत. कामगारांस जहागीर तोडून न देता रोख वेतन द्यावे, हुद्दा बापाकडून मुलाकडे आपोआप जाऊ नये, हा त्यांचा कटाक्ष होता. पुढे काय झाले? १७१३ साली बाळाजी विश्वनाथास पेशवाईची वस्त्रे मिळाली, १७२० साली ती त्याच्या मुलास, मग नातवास. १७४९ साली शाहू महाराज गेले, आणि छत्रपती साताऱ्यात नावापुरते राहून कारभार पुण्यास गेला. संस्कृत नाव मागे पडले, फारशी नाव कायम राहिले, आणि चाकरी घराण्याची मिरास झाली. दिल्लीच्या नायबाने जे केले तेच साताऱ्याच्या नायबाने केले. ह्यात धर्माचा संबंध काय? रखवालदाराने घर बळकावले, एवढाच अर्थ.

आता खान. हा शब्द अरबीही नाही, फारशीही नाही. तो मध्य आशियाच्या माळावरचा, घोडी आणि मेंढरे राखणाऱ्या तुर्क-मोंगल टोळ्यांचा. तिथे खान म्हणजे टोळीचा राजा. १२०६ साली तेमुजिन नावाच्या माणसास साऱ्या टोळ्यांनी मिळून चंगीजखान केले. (तो मुसलमान नव्हता, हेही पुष्कळांस ठाऊक नसते.) हिंदुस्थानात दिल्लीच्या सुलतानांकडे आल्यावर खान हा राजा न राहता सरदारांतला सर्वांत वरचा हुद्दा झाला. चौदाव्या शतकातल्या बरनी नावाच्या इतिहासकाराने ही उतरंड सांगितली आहे. दहा स्वारांवर एक सरखेल, दहा सरखेलांवर एक सिपहसालार, दहा सिपहसालारांवर एक अमीर, दहा अमिरांवर एक मलिक आणि दहा मलिकांवर एक खान. पोरांनो, गुणाकार करा! खानाखाली एक लाख स्वार झाले. इतके स्वार कोणाच्या पदरी खरोखर असत हे सोडा, पण पायऱ्या कळतात.

ह्या उतरंडीत सर्वांत खालची पायरी जो सरखेल, तो आमच्या कोकणात कान्होजी आंग्र्यांच्या नावापुढे लागला, आणि त्यांच्या कर्तबगारीने त्या शब्दास साऱ्या आरमाराच्या मुख्याचा मान आला. उलट खान हा शब्द वरून खाली घरंगळत गेला. बादशहाने शेकडोंना खान केले, मग त्यांच्या मुलांनी न विचारता लावला, मग पठाण म्हणून जो जो आला तो खान. आज कल्याणच्या नाक्यावर रिक्षा चालवणारा खान आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. तो आपल्या घामाचे खातो. शब्द मोठा की माणूस, ह्याचा निकाल सरखेल आणि खान ह्या दोन शब्दांनीच लावून ठेवला आहे.

अशा किताबांचा बाजार पाहिला म्हणजे गंमत वाटते. अमीर म्हणजे हुकूम देणारा. आपण त्याचा अर्थ श्रीमंत असा केला. उमराव हे अमीर ह्या शब्दाचेच अनेकवचन, तेही एका माणसास लावतो. हाच अमीर समुद्रावरून युरोपात गेला आणि तिथल्या आरमाराचा अॅडमिरल झाला. मिर्झा म्हणजे अमीरजादा, अमिराचा पोर. म्हणजे बापाच्या जिवावर मिळालेला किताब. मलिक म्हणजे राजा, आणि आपला मालक त्याच धातूचा. पण निजामशाहीत ज्यास मलिक म्हणत, तो मलिक अंबर मुळात हबसाणातून विकत आणलेला गुलाम. त्याने जमिनीची मोजणी आणि साऱ्याची पद्धत बसवली, मोगलांस वर्षानुवर्षे झुंजवले आणि १६२६ साली मेला. त्याच्या मलिकीस जन्माचा टेकू नव्हता. आणि साहेब? ज्या शब्दापुढे आमचा शेतकरी आज पायातली वहाण काढतो, त्या साहेब शब्दाचा अरबीत मूळ अर्थ सोबती! कचेरीत पुढच्या खेपेस जाल तेव्हा हे मनात ठेवून उभे राहा, मान आपोआप ताठ होईल.

एक गोष्ट मात्र मोगलांच्या बाजूने सांगितली पाहिजे. त्यांच्याकडे खान हा किताब आणि मनसब ही जिवंत माणसास असे. सरदार मेला की त्याची जहागीर परत घेत आणि त्याच्या मालमत्तेवरही सरकारी जप्ती येई. मुलाने पुन्हा खालून चाकरी धरावी. बादशहाचा ह्यात स्वार्थ होता हे उघड आहे, आणि जहागीरदार आज आहे उद्या नाही, म्हणून रयतेस तो दोन वर्षांत पिळून काढी, हेही खरे. पण हुद्दा रक्तात उतरतो असे तिथे कायद्याने तरी कोणी मानीत नव्हते. रक्तात उतरण्याचे शास्त्र आमच्या वतनांनी पक्के केले. देशमुखी, देशपांडेपण, खोती, कुळकर्ण. कोकणच्या कुळांनी खोताच्या घरी किती पिढ्या वेठ केली हे आमच्या म्हाताऱ्यांस विचारावे. चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभे राहून १९३३ पासून वर्षानुवर्षे शेते ओसाड ठेवली, उपाशी राहिले, डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे बिल आणले, तेव्हा कुठे १९४९ साली खोतीचा कायदा मोडला.

आता मधला शब्द राहिला, ज्यापायी पंधरा गुंठे निघाले आहेत. मातबर, आपल्या तोंडी मातब्बर. अरबीत हा शब्द 'मुअतबर' असा आहे. आपण "त्याचा काही इतबार नाही" म्हणतो ना, त्या इतबाराचाच हा भाऊ. ज्याच्यावर इतबार ठेवावा तो मुअतबर. ज्याचा शब्द खोटा पडत नाही, ज्याची साक्ष पंचात चालते, ज्याच्याकडे ठेव ठेवून माणूस यात्रेस जाऊ शकतो, तो मातब्बर. कल्याणच्या त्या सरदारास हा किताब मिळाला तो "हा भरवशाचा माणूस" म्हणून. ह्या अर्थात पैशाचे नावही नाही.

मग पैसा आला कुठून? भरवशाच्या माणसाकडे लोकांनी ठेवी ठेवल्या, सरकारने वसूल सोपवला, तो हातात खेळू लागला, घर चिरेबंदी झाले. पुढच्या पिढीने पाहिले ते चिरेबंदी घर. इतबार डोळ्यांस दिसत नाही, वाडा दिसतो. म्हणून वाडा असेल तो मातब्बर असे झाले, आणि अखेर इतबार पार उडाला तरी मातब्बरी राहिली. आज आमच्या तालुक्यात ज्यास मातब्बर म्हणतात त्याच्याकडे चार आणे ठेव ठेवायची कोणाची छाती आहे का, हे वाचकांनीच आपल्या गावापुरते मोजून पाहावे.

किताबांच्या ह्या वाटणीत एक अन्याय आमच्या कारागीर बंधूंच्या कधी ध्यानात आला आहे की नाही कोण जाणे. फडणीस, चिटणीस, पोतनीस, मुजुमदार ही आडनावे फारशी दप्तरातून आली. शिकलगार, बागवान, सराफ, दर्जी, अत्तार हे शब्दही त्याच भाषांतून आले. फडणीस म्हणजे फर्दा लिहिणारा, शिकलगार म्हणजे हत्यारास धार लावून चकाकी आणणारा. दोन्ही कामाचीच नावे! पण लेखणीचे काम ते घराणे ठरले आणि सहाणेचे काम ती जात ठरली. शिकलगाराने धार लावली नसती तर नबाबाची तलवार म्यानातून निघाली नसती, पण सनद कोणास मिळाली? भिवंडीच्या विणकरांनी ह्यावर आपला इलाज आपणच केला. उत्तरेतून आलेल्या ह्या मागवाल्यांस उच्चकुळीचे मुसलमान जुलाहा म्हणून हिणवीत. सय्यद, शेख, मोगल, पठाण हे वरचे, विणकर खालचे, असा भेद त्यांच्यातही मुरलेला आहे. तेव्हा विणकरांनी मोमीन, म्हणजे श्रद्धावान, आणि अन्सारी, म्हणजे मदिनेत पैगंबरांस साह्य करणारे, ही नावे स्वतः उचलली. १९२० नंतरच्या काळात त्यांची मोमीन परिषद उभी राहिली, आणि अब्दुल कय्यूम अन्सारींसारखे पुढारी त्यांच्यातून निघाले. कोणा बादशहाने दिलेला किताब नव्हे. सत्यशोधकांस हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

इंग्रज सरकारनेही दुकान मांडले होतेच. हिंदूस रावसाहेब, रावबहादूर. मुसलमानास खानसाहेब, खानबहादूर. चंगीजखानाचा खान कलेक्टरच्या शिफारशीने मिळू लागला! ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनीही ह्या पदव्या घेतल्या, हे आम्ही लपवीत नाही. काहींनी त्या मिरवल्याही. पण ठाण्यास १८४८ साली जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे पाहा. तेही रावबहादूर झाले. लोकांस मात्र ते आठवतात १८८४ साली गिरणीकामगारांची संघटना उभारली म्हणून, १८९० साली कामगारांस रविवारची सुट्टी मिळवून दिली म्हणून, आणि १८९७ च्या प्लेगात लोकांची सेवा करता करता त्याच रोगाने गेले म्हणून. त्यांच्या वेळचे कितीतरी रावबहादूर कुठे गेले? जोतीरावांस १८८८ साली मुंबईत लोकांनी महात्मा म्हटले. त्या पदवीस ना सनद, ना तनखा, ना वतन, आणि ती अजून टिकून आहे.

स्वराज्यात ह्या बाजारावर कायद्याने पडदा पडला. २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या घटनेच्या १८ व्या कलमाने सरकारने लष्करी आणि विद्येच्या पदव्यांखेरीज कसलाही किताब देऊ नये असे ठरवले. भारतरत्न, पद्मश्री हे सन्मान नावास जोडून लावता येत नाहीत, असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. संस्थानिकांचे तनखे आणि मान्यता १९७१ च्या घटनादुरुस्तीने गेली. पण कल्याण-डोंबिवलीच्या चौकात मान वर करून पाहा! कार्यसम्राट, युवासम्राट, हृदयसम्राट. बिचाऱ्या औरंगजेबास एकाच वेळी इतके सम्राट पाहण्याचा योग आला नाही. हे फलक वाऱ्याने फाटतात, म्हणून आम्हास त्यांची फारशी काळजी नाही. काळजी वाटते ती घरात शिरलेल्या किताबांची, ज्यांच्यापायी जमीन विकली जाते.

तर त्या शेतकऱ्यास आम्ही एवढेच सांगितले की, सातबारा घरी ठेव आणि मुलाकडच्यांस विचार, सरनाईकीचा कागद आहे काय? असेल तर तोच घेऊन बैठकीस या. कागद निघाला. फडक्यात बांधलेला, कडा वाळवीने खाल्लेल्या. मोडी आम्ही हौसेने शिकलो होतो, तिचा असा उपयोग होईल असे वाटले नव्हते. दोन्हीकडची वडील माणसे शाळेच्या ओट्यावर बसली आणि आम्ही वाचत गेलो. घाटाखालच्या चौकीवर नायकी करावी, रात्रीची गस्त राखावी, वाटसरूंचा माल जाऊ देऊ नये, मोबदला म्हणून सालीना भात आणि एक पासोडी; कसूर झाल्यास दूर केले जाईल. मुलाच्या आजोबांनी दोनदा वाचावयास लावले. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही रखवालदारच की!" आणि स्वतःच मोठ्याने हसले. मुलाचा बाप मात्र हसला नाही.

बोलणी अजून चालू आहेत. मोटारसायकल सुटली, सोने निम्म्यावर आले, हॉलचे अडले आहे. पंधरा गुंठ्यांत यंदा वाल पेरला आहे.